लंबगोल चेंडूची ओळख

आपल्या परिचयाचे बहुतेक चेंडू गोल असतात. गोल चेंडूच्या येण्याजाण्याचा अंदाज लहान मूलही सहज बांधू शकते. रग्बीचा चेंडू मात्र लंबगोल असतो. तो टोकावर पडला तर एकदम उंच उसळतो, कुशीवर पडला तर मंदपणे लोळतो आणि पुढच्याच उसळीला भलत्याच दिशेने पळ काढतो. म्हणून प्रथमदर्शनी त्याला लहरी म्हणण्याचा मोह होतो. माझे मत असे की, हा लहरी वाटणारा चेंडू ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील प्रत्येक शाळेत असावा. आणि पुढे सामने कोणी खेळो वा न खेळो, तो हाताळण्याची विद्या प्रत्येक मुलामुलीस यावी.

या चेंडूच्या आकारामागे एक इतिहास आहे. इंग्लंडमधील रग्बी या गावच्या शाळेसाठी तेथील चर्मकार चेंडू शिवीत असत. डुकराचे मूत्राशय फुगवून त्यावर ते चामडे चढवीत, आणि मूत्राशयाचा आकार मुळातच काहीसा लांबट असे. पुढे रबराची पिशवी आली, तेव्हा चेंडू हवा तसा घडवणे शक्य झाले. तथापि हाती धरून धावण्यास लांबट चेंडूच सोयीचा, म्हणून 1892 साली लंबगोल आकार नियमानेच ठरवण्यात आला. आजचा चेंडू चार पाकळ्यांचा, 28 ते 30 सेंटिमीटर लांब आणि 410 ते 460 ग्रॅम वजनाचा असतो. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी याहून लहान असा चार क्रमांकाचा चेंडू मिळतो.

आता तो धरावा कसा? दोन्ही हातांची बोटे पसरून ती शिवणींवर ठेवावी. तळव्यांनी दाबून धरण्यापेक्षा बोटांनी धरलेला चेंडू अधिक ताब्यात राहतो. झेलताना हात आधीच पुढे करून तळवे येणाऱ्या चेंडूकडे वळवावे. फेकताना तो शरीरासमोरून आडवा झुलवून सोडावा, आणि सुटल्यावर बोटे सोबत्याकडे रोखलेली असावी. मनगटाचा हलका पीळ दिला की तो भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत सरळ जातो. परंतु ही कला मागाहूनची. जमिनीवरचा चेंडू उचलताना गुडघे वाकवून त्याच्या बाजूला यावे. धावताना त्याचे एक टोक कोपराच्या खोबणीत आणि दुसरे पंजात ठेवून तो छातीशी घ्यावा. सकाळच्या गाडीत चढताना पाठीवरची पिशवी पोटाशी घेणाऱ्या डोंबिवलीकरास ही गोष्ट निराळी शिकवावी लागणार नाही!

हाताळता हाताळता ध्यानात येते की, चेंडू लहरी नाही. तो आपल्या आकाराशी प्रामाणिक आहे. आपण त्याच्याकडून गोल चेंडूचे वर्तन अपेक्षितो आणि तो तसा वागला नाही म्हणजे त्याला दोष देतो. वर्गातील एखाद्या वेगळ्या वळणाच्या मुलाविषयीही आपण कित्येकदा असाच निवाडा करून बसतो. त्याचा स्वभाव ओळखण्यास जो थोडा अवधी लागतो, तो देण्याची आपली तयारी नसते.

या खेळाचा एक नियम मला विशेष मोलाचा वाटतो. रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. तो बाजूस किंवा मागेच द्यावा लागतो. म्हणजे जो सर्वांत पुढे धावतो, त्याचा आधार त्याच्या मागून येणाऱ्यांत असतो. मागच्यांनी साथ सोडली, तर पुढच्याचे धावणे व्यर्थ जाते. गुणांच्या शर्यतीत एकेकट्याने धावण्याची सवय लागलेल्या मुलांना हा अनुभव मैदानावर मिळावा.

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, कबड्डी आणि खो-खो असताना हा परका खेळ कशाला? क्रिकेटही परकेच होते, आणि रग्बीशी आपल्या देशाचा संबंध काही कालचा नाही. 1870 नंतरच्या दशकात कलकत्त्यातील एक रग्बी मंडळ बंद पडले, तेव्हा त्याच्या शिलकी चांदीच्या रुपयांतून एक चषक घडवण्यात आला. इंग्लंड आणि स्कॉटलंड हे संघ 1879 सालापासून त्यासाठी झुंजत आले आहेत. 1875 साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर आजही हा खेळ खेळला जातो. शिवाय कबड्डीत कमावलेली चपळाई आणि पकड येथेही उपयोगी पडते. हा खेळ मुलींचा नव्हे, असेही कोणी म्हणू नये. पुण्याच्या वाहबिज भरुचा यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आहे. आणि 2019 साली आपल्या मुलींनी सिंगापूरवर 21-19 असा विजय मिळवला.

दुसरा आक्षेप इजेचा, आणि तो रास्त आहे. अंगावर झेपावून प्रतिस्पर्ध्यास पाडणे हे जाणत्या शिक्षकावाचून कोणी करू नये. डोक्यास मार लागल्याची नुसती शंका आली, तरी त्या खेळाडूला ताबडतोब बाहेर काढलेच पाहिजे. परंतु कमरेची फीत ओढून किंवा केवळ स्पर्श करून अडवण्याचे प्रकारही आहेत. शाळेत आरंभ त्यांनीच करावा.

तिसरा आक्षेप जागेचा. आपल्या शहरांत इमारती दाटत चालल्या आहेत आणि मोकळी जागा आक्रसत आहे, हे खरे. पण चार मुलांनी ओळीत धावत चेंडू देण्याघेण्यास वीस पावलांचे अंगण पुरते. मोठे मैदान मिळेपर्यंत मुलांचे हात रिकामे ठेवण्याचे कारण नाही. तेवढ्या अंगणात चेंडूची ओळख झाली, तर उद्या हीच मुले मोठ्या मैदानाची मागणी हक्काने करतील. आणि ती मागणी पुरवणे हे आपणा वडीलधाऱ्यांचे कर्तव्य ठरेल.