त्रासाचे व्याकरण आणि दंडसंहितेचा वाचक

कायद्याचे कलम हीही एक भाषिक संहिता असते, आणि इतर संहितांप्रमाणे तीही आपला वाचक गृहीत धरून चालते. मराठी समीक्षेने ही साधी गोष्ट फारशी मनावर घेतलेली नाही. लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न उद्भवला की समीक्षक निषेधाच्या पत्रकावर सही करतो आणि पुन्हा आपल्या संहितांकडे वळतो. ज्या शब्दांच्या आधारे लेखनाला दंड होतो, ते शब्द वाचण्याचे काम तो वकिलांवर सोपवतो. संगणकीय माध्यमांतून होणाऱ्या छळाला आळा घालणारे कायदे आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांच्यातील वाद गेली काही वर्षे ज्या ढोबळ पातळीवर चालला आहे, तिचे एक कारण ही उदासीनता आहे. एका पक्षाला प्रत्येक निर्बंध म्हणजे गळचेपी वाटते, तर दुसऱ्याला प्रत्येक आक्षेप म्हणजे छळ करणाऱ्यांची वकिली वाटते. शब्द आणि कृती यांचा संबंध नीट न तपासल्याने दोन्ही पक्ष फसले आहेत.

या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यातील कलम ६६अ. २००८ च्या दुरुस्तीने ते अधिनियमात आले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमलात आले. अतिशय आक्षेपार्ह किंवा धमकीवजा मजकूर पाठवणे, तसेच खोटी माहिती त्रास, गैरसोय, अपमान, वैर, द्वेष वा दुर्भावना निर्माण करण्यासाठी वारंवार पाठवणे, यांसाठी त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद होती. यांतील एकाही कळीच्या शब्दाची व्याख्या अधिनियमाने केलेली नव्हती. ‘गैरसोय’ आणि ‘वैर’ हे शब्द एकाच यादीत, एकाच शिक्षेखाली, शेजारी शेजारी बसले होते. एखाद्या नवोदित लेखकाने इतक्या सैल हाताने विशेषणे वापरली असती, तर आपल्या समीक्षकांनी त्याला क्षमा केली नसती.

या शब्दकळेची वंशावळ पाहणे उद्बोधक आहे. ‘अतिशय आक्षेपार्ह’ आणि ‘धमकीवजा’ ही जोडी १९३५ च्या ब्रिटिश टपालविषयक दुरुस्ती कायद्यात आढळते, आणि तेथे तिचा संबंध दूरध्वनीवरून दिल्या जाणाऱ्या निरोपाशी होता. दूरध्वनीवर एक बोलणारा आणि एक ऐकणारा असतो. ऐकणाऱ्याने ते बोलणे मागितलेले नसते, आणि ते त्याच्या घरात शिरलेले असते. या विशिष्ट संवादस्थितीसाठी घडवलेली भाषा आपल्याकडे उचलली गेली आणि कोणालाही उद्देशून नसलेल्या, सर्वांसमोर मांडलेल्या मतालाही लागू झाली. खासगी उपद्रवाचे माप सार्वजनिक उक्तीला लावले गेले, हा या कलमाचा मूळ दोष होय.

त्याची फळे महाराष्ट्राने पाहिली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळ ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत जो बंद पाळला गेला, त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या ओळींना केवळ पसंतीची खूण केली. दोघींना अटक झाली, आणि लावलेल्या कलमांत ६६अ होते. मजकूर लिहिणाऱ्या तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने नासधूस केली. या घटनेचा अर्थ ‘पोलिसांचा अतिउत्साह’ असा लावून मोकळे होण्याची सोय अनेकांनी करून घेतली. वस्तुतः कलमाने जे करायला सांगितले होते तेच पोलिसांनी केले. कोणाला तरी त्रास झाला होता. तो झाल्याचे सांगणारे पुष्कळ होते, आणि ते मोठ्या आवाजात सांगत होते. येथे छळ कोणाचा झाला, हे निराळे सांगण्याची गरज नाही. छळ रोखण्याच्या नावाने केलेला कायदा छळल्या गेलेल्यांच्याच हातांत बेड्या घालून गेला.

येथे प्रश्न समीक्षेच्या अंगणात येतो. कलम ६६अ ने संहितेचा अर्थ ठरवण्याचा अधिकार दुखावलेल्या वाचकाला दिला. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, आणि पुढे वाचककेंद्री विचाराने अर्थनिर्मितीचे श्रेय वाचकाला दिले. आपल्या विद्यापीठांतील अनेक प्रबंधांनी हा विचार उत्साहाने स्वीकारला. मात्र हा वाचक कोण, हा प्रश्न त्यांनी क्वचितच विचारला. दंडसंहितेला तो विचारावाच लागतो. लेखक मेलेला असला तरी तुरुंगात त्यालाच जावे लागते!

आपल्या परंपरेत या प्रश्नाला उत्तर आहे. अभिनवगुप्ताचा सहृदय हा वाटेल तो वाचक नव्हे. काव्याच्या अनुशीलनाने त्याचे मन स्वच्छ झालेले असते, आणि स्वतःच्या व्यक्तिगत सुखदुःखात गुरफटून पडणे हे त्याच्या रसास्वादातले विघ्न मानले जाते. विशेष असे की, आधुनिक भारतीय न्यायविचारातही या संकल्पनेशी नाते सांगणारा एक वाचक आहे. नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४६ मध्ये असे प्रतिपादन केले की, शब्दांचा परिणाम जोखताना खंबीर, समंजस आणि धैर्यशील माणसाचा निकष लावावा. दुबळ्या व डळमळीत मनाच्या, प्रत्येक विरोधी मतात संकट पाहणाऱ्या माणसाचा निकष त्यांनी नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ‘तमस’ मालिकेच्या प्रकरणात हाच निकष उचलून धरला. सहृदय आणि हा खंबीर वाचक एकच नव्हेत; एक रसिकतेने घडतो, दुसरा नागरिकत्वाने. पण ‘मला त्रास झाला’ हे विधान अर्थनिर्णयाला पुरेसे नाही, यावर दोघांचे एकमत आहे.

अर्थात, एवढ्यावर थांबणारे स्वातंत्र्यवादी अर्धेच सत्य सांगतात. ‘दुर्लक्ष करा’, ‘उत्तर द्या’, ‘खाते बंद करा’ हा त्यांचा ठरलेला उपदेश असतो. ज्या स्त्रीला रोज बलात्काराच्या धमक्या येतात, जिच्या घराचा पत्ता चव्हाट्यावर मांडला जातो, जिची बनावट छायाचित्रे फिरवली जातात, तिला खंबीर वाचकाचा निकष ऐकवणे हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. छळाला कंटाळून ती लिहिणे थांबवते, तेव्हा एक आवाज कमी होतो. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच केवळ शासनच करते, हे गृहीतक त्या क्षणी कोसळते. छळाविरुद्धचा कायदा म्हणून आवश्यकच आहे. प्रश्न इतकाच की, त्या कायद्याने कशावर बोट ठेवावे?

जे. एल. ऑस्टिन यांनी केलेला भेद येथे उपयोगी पडतो. बोलता बोलता केलेली कृती आणि बोलण्यामुळे ऐकणाऱ्यावर झालेला परिणाम या भिन्न गोष्टी आहेत. ‘उद्या तुला संपवतो’ ही धमकी आहे. ऐकणारा घाबरला नाही तरी ती धमकीच राहते. उलट, एखाद्या राजकीय टीकेने कोणी संतापला तर तो संताप परिणाम आहे. टीका करणाऱ्याने केलेली कृती टीकेचीच असते. कलम ६६अ ने परिणामावर, आणि तोही ‘गैरसोयी’इतक्या क्षुल्लक परिणामावर, गुन्ह्याची इमारत उभारली. याउलट, न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये भारतीय दंडसंहितेत आलेले कलम ३५४ड पाहावे. स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही वारंवार संपर्क साधणे, तिच्या संगणकीय व्यवहारावर पाळत ठेवणे, या कृतींना त्याने गुन्हा ठरवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये तीच तरतूद आहे. ती सदोष आहे. पीडित स्त्रीच असेल हे ती गृहीत धरते आणि इतरांना वाऱ्यावर सोडते. पण तिचे व्याकरण बरोबर आहे. तिच्या केंद्रस्थानी क्रियापद आहे, विशेषण नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात कलम ६६अ घटनाबाह्य ठरवले ते याच दिशेने विचार करून. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या न्यायमूर्ती नरिमन यांनी वेगळ्या केल्या. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी स्वातंत्र्याच्या गाभ्याशी आहेत. निर्बंधाचा विचार तिसरीपाशी सुरू होतो.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. आजचा छळ बहुधा एकटा माणूस करत नाही. हजारो माणसे प्रत्येकी एकच वाक्य लिहितात. सुटे पाहिले तर ते वाक्य केवळ असभ्य असते, पण त्या वाक्यांच्या राशीखाली एक माणूस गाडला जातो. कृतीचा निकष येथे अपुरा नाही काय? आक्षेप खरा आहे. मात्र त्यावरचा उपाय सुट्या वाक्याच्या गुन्ह्याची पातळी खाली आणणे हा नव्हे. रास रचणारे, तिचे संयोजन करणारे, पत्ता पुरवणारे यांच्यापर्यंत पोहोचणे आणि माध्यमकंपन्यांना तक्रारनिवारणास बांधून घेणे, हे अवघड काम करावे लागेल. सैल शब्दांचा कायदा हे काम करत नाही, कारण झुंडीलाही तक्रार नोंदवता येते. किंबहुना ती अधिक संख्येने नोंदवता येते. पालघरने नेमके हेच दाखवले.

आणि सैल शब्द सहजासहजी मरत नाहीत. रद्द झालेल्या कलम ६६अ खाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयी धक्का व्यक्त केला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा पुन्हा आदेश द्यावा लागला. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केंद्राच्या तथ्यतपासणी कक्षाची तरतूद रद्द केली, तेव्हाही ‘बनावट, खोटे वा दिशाभूल करणारे’ या शब्दांची संदिग्धता हा आक्षेपाचा एक मुद्दा होता. शब्द बदलतात, प्रवृत्ती कायम राहते.

मराठी समीक्षेला तर याहून जवळचा इशारा मिळालेला आहे. श्रेया सिंघल निकालानंतर दोन महिनेही उलटले नव्हते, तोच मे २०१५ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या गांधीविषयक कवितेसंबंधी निर्णय दिला. ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात छापली गेली होती. माफी मागणाऱ्या प्रकाशकावरील आरोप रद्द झाला. कवीचा मात्र खटल्यासाठी खालच्या न्यायालयाकडे धाडला गेला. ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीचे नाव कवितेत आले की समकालीन समाजमानाचा निकष अधिक कठोर होतो, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. म्हणजे मार्चमध्ये दाराबाहेर काढलेला दुखावलेला वाचक मे महिन्यात कवितेच्या दारातून आत आला, आणि या वेळी तो आदराचा पोशाख घालून आला. कवितेतील ‘मी’ कोणाचा, विडंबनाचे लक्ष्य कोण, नाव आणि व्यक्ती यांत अंतर किती, हे प्रश्न समीक्षेचे आहेत. समीक्षेने ते न्यायालयाच्या वाटेवर वेळीच ठेवले नाहीत, तर त्यांची उत्तरे समाजमानाच्या नावाने इतरच कोणी देतील.

छळ रोखणारा नेमका कायदा आणि निर्भय लेखन हे परस्परांचे शत्रू नाहीत. धमकी म्हणजे काय हे ज्या समाजाला अचूक सांगता येते, त्यालाच टीका म्हणजे काय हेही सांगता येते. हे नेमकेपण भाषेच्या अभ्यासकांनी पुरवायचे, की ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ यांचे कोश ठाणे अंमलदारांनी रचायचे, एवढाच निर्णय बाकी आहे.