शब्द दिला, पण तारीख कोणती?

अंबाडी नाक्यावरून एक रस्ता वाड्याकडे जातो, एक वज्रेश्वरीकडे, आणि मागे भिवंडी. समजा, नाक्याजवळच्या एका घरात दोन भाऊ आहेत. थोरल्याने भिवंडीत यंत्रमाग टाकले, धाकटा वडिलांबरोबर भातशेतीत राबला. ‘तू घर सांभाळ, रस्त्याकडेचा तुकडा तुझाच,’ असं वडील चारचौघांत म्हणाले होते. वीस वर्षं कुणी काही लिहून ठेवलं नाही. मग तालुक्यात गोदामं आली, महामार्ग आले, जमिनीला भाव आला. थोरल्याचे माग कर्जात गेले आणि त्याच सुमारास वडीलही गेले.

पक्षकार ही सगळी कहाणी वकिलासमोर एका दमात सांगतो. वकिलाने त्यातून तीन तारखा वेगळ्या काढायच्या असतात. कर्ज केव्हाचं, नादारीचा अर्ज केव्हाचा आणि वडील वारले केव्हा. धाकट्याच्या हाती काय उरणार, हे बहुतेक या तारखांवर ठरतं आणि नेमकं तेच विचारायचं राहून जातं.

जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल, तर ते हयात असेपर्यंत मुलाची आशा ही मालमत्ताच नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ६(अ) तसं स्पष्ट सांगतं. ती आशा थोरल्याला विकता येत नाही आणि त्याच्या धनकोंना जप्तही करता येत नाही. पण थोरला नादार ठरला आणि त्यातून मुक्त होण्याआधी वडील वारले, तर चित्र पालटतं. १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमाच्या कलम २८(४) प्रमाणे त्याच्याकडे आलेला वारसा तत्काळ न्यायालयाकडे किंवा रिसिव्हरकडे जातो. वारसनोंदीच्या फेरफारावर त्याचं नाव लागलं, तरी हिस्सा त्याचा राहिलेला नसतो. त्यानंतर त्याने धाकट्याला प्रामाणिकपणे हक्कसोडपत्र लिहून दिलं, तरी सोडायला हक्क हातात कुठे आहे?

हक्कसोड आधी झालं असेल तर? इथे याच नादारी अधिनियमाचं कलम ५३ उभं राहतं. हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर माणूस नादार ठरला, तर सद्भावनेने आणि मोबदल्यासाठी न केलेला व्यवहार रिसिव्हर रद्द करून घेऊ शकतो. घरच्या घरात बक्षीसपत्र किंवा हक्कसोड नाममात्र मुद्रांकात होतं, म्हणून ते घाईने केलं जातं. धनको दारात उभे असताना केलेल्या अशा कागदाने भावाला मिळतो तो फक्त एक नवा दावा. बक्षीसपत्रात ‘मुलगा नादार झाल्यास त्याचा हक्क संपेल’ असं कलम घालून सुटका होईल, ही समजूतही सोडली पाहिजे. हस्तांतरण अधिनियमाचं कलम १२ अशी अट शून्य ठरवतं.

तरीही दिलेला शब्द पूर्ण निर्बल नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये निकाली काढलेलं गुलाम अब्बास विरुद्ध हाजी कय्युम अली हे प्रकरण भिवंडीसारख्या तालुक्यात वकिली करणाऱ्याने पुन्हा वाचावं. बाप कर्जात इतका बुडाला होता की सगळी मालमत्ता त्यात गेली असती. तीन कर्त्या मुलांनी कर्ज फेडून ती वाचवली. उरलेल्या दोघांनी रोख रक्कम आणि जंगम वस्तू घेऊन पुढे हक्क मागणार नाही असं लिहून दिलं. बाप वारल्यावर त्यांतल्या एकाने हिस्सा मागितला. मुस्लिम कायद्यात भावी वारसा सोडता येत नाही, हा त्याचा मुद्दा. न्यायालय म्हणालं, नुसता हक्कत्याग टिकत नसला, तरी मोबदला घेऊन भावांना कर्ज फेडू दिल्यावर त्याला आता शब्द फिरवता येणार नाही. इथे शब्द टिकला तो त्यापाठोपाठ कुणी काय सोसलं आणि कुणी काय घेतलं, याचा पुरावा होता म्हणून.

इंग्लंडमध्ये २००९ च्या थॉर्नर विरुद्ध मेजर या निकालात सॉमरसेटमधल्या एका शेतावर जवळपास तीस वर्षं बिनपगारी राबलेल्या चुलत नातलगाला, केवळ आडवळणाने दिलेल्या आश्वासनांवर, शेत मिळालं. आपल्याकडे धाकट्याने एवढ्यावर विसंबू नये.

वाडवडिलार्जित जमिनीत प्रश्न आणखी अवघड होतो. थोरल्याचा हिस्सा जन्मापासूनचा, म्हणून नादारी जाहीर होताच तो रिसिव्हरकडे जातो. महाराष्ट्रात तोवर लग्न न झालेल्या मुलींना सहदायाद म्हणून हक्क २२ जून १९९४ पासून मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालाने ११ ऑगस्ट २०२० रोजी मुलींचा हक्क जन्मसिद्ध असल्याचं ठरवलं. मुलींच्या हक्काविरुद्ध पुढे केलेली तोंडी वाटणी सार्वजनिक कागदांचा भक्कम आधार असेल तरच, तीही अपवादाने, मान्य होते. या भावांना बहीण असेल, तर थोरल्याची नादारी तिच्या हिश्शाला शिवत नाही. पण घर वाचवायचं म्हणून आधी तिच्याकडेच सही मागितली जाते. तिची सही घेणाऱ्या वकिलाने तिला हे सांगायलाच हवं.

न्यायपीठाचा घोळ वेगळाच. थोरला अंबाडीत राहत असेल तर १९२० चा कायदा आणि ठाण्याचं जिल्हा न्यायालय. तो मुंबईत स्थायिक असेल तर १९०९ चा कायदा आणि उच्च न्यायालय. तो खासगी कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिला असेल, तर १ डिसेंबर २०१९ पासून नादारी व दिवाळखोरी संहिता लागू आणि गाठ कंपनी विधि न्यायाधिकरणाशी. तिथे नंतर आलेला वारसा आपोआप जात नाही. कलम १५९ खाली विश्वस्ताने दिवाळखोराला नोटीस देऊन तो मागायचा असतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावं, ‘थोरले कुणाला जामीन आहेत का?’

धाकट्याने पीककर्जाचे हप्ते, बांधबंदिस्तीचा खर्च, वडिलांच्या औषधपाण्याची बिलं आजच एकत्र करावीत. पीकपाहणीतल्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, वहिवाट दिसते. १९२० च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मालकीचा प्रश्न नादारी न्यायालयालाच ठरवता येतो. धाकट्याचा अर्ज तिथे रिसिव्हरने विक्री जाहीर करण्याआधी पोचला पाहिजे.