हिवाळ्यातील सकाळ आणि घरची कर्ती स्त्री

शेतीच्या हिशेबात बी, खत, पाणी व मजुरी यांची नोंद होते. घरच्या कर्त्या स्त्रीच्या प्रकृतीची होत नाही. रब्बी हंगामात तर तिच्यावरील भार वाढतोच. कडाक्याच्या थंडीत सर्वांआधी उठावयाचे, शेण काढावयाचे, पाणी भरावयाचे, चूल पेटवावयाची आणि घोटभर चहावर शेताची वाट धरावयाची, असा तिचा क्रम असतो. पंचविशीत हे सोसते. पंचेचाळिशीनंतर सोसेनासे झाले म्हणजे त्यास आळस म्हणणे हा अन्याय होय.

चाळिशी उलटल्यावर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक प्रथम अनियमितपणे व नंतर कायमचे कमी होते. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे समजतात. या काळात अंगातून वाफा निघतात, रात्री घाम येऊन झोप मोडते, सांधे आखडतात. डोळ्यांना न दिसणारी हानी हाडांची असते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती झपाट्याने विरळ होतात. पुढे म्हातारपणी अंगणात पाय घसरून खुबा मोडतो, त्याचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

सकाळच्या कोणत्याही सवयीने गेलेले संप्रेरक परत येत नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. तसे आश्वासन देऊन चूर्णे विकणाऱ्यांपासून सावध राहावे. सवयींनी झोप, हाडे व सांधे यांना आधार मिळतो. परंतु हा लाभ लहान नव्हे.

उठताक्षणी गार पाण्यात हात घालू नयेत. हातपाय, मान व कंबर सावकाश हलवून अंग मोकळे करावे, कोमट पाणी प्यावे आणि मगच हंडा उचलावा. उजाडल्यावर थोडा वेळ उघड्यावर काढावा. सकाळच्या प्रकाशाने रात्रीच्या झोपेची घडी बसण्यास मदत होते. मात्र कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही. त्यासाठी दहा-अकरानंतरचे ऊन थोडा वेळ हातापायांवर घ्यावे.

न्याहारी केल्याशिवाय शेतात जाऊ नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पाळी गेलेल्या स्त्रीस रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. तिळातही विपुल असते. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी घरोघरी होते. ती वर्षातून एकदाच का व्हावी? दूध डेअरीला घालताना पेलाभर तिच्यासाठी राखावे. चहा न्याहारीबरोबर न घेता तासाभराने घ्यावा, कारण त्यामुळे अन्नातील लोह अंगी लागण्यास अडथळा येतो. मिश्री लावण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे. तीत तंबाखू आहे.

“दिवसभर राबणाऱ्या बाईला हे सोपस्कार कशाला?” असे कित्येक शेतकरी विचारतात. परंतु वैरणपाणी दाखविल्याशिवाय कोणताही जाणता शेतकरी बैल औताला जुंपीत नाही. जनावराच्या बाबतीत जे शहाणपण सहज सुचते, ते घरच्या माणसाच्या बाबतीत का सुचू नये?

या सवयींना अर्धा तास पुरतो. पण तो तिच्या झोपेतून कापून घेतला तर उपयोग शून्य. तो घरातील इतरांनी मोकळा करून दिला पाहिजे. गोठा मुलाने झाडावा, पाणी नवऱ्याने भरावे. यात कमीपणा नाही.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी हा विषय केवळ महिलांच्या बैठकीपुरता ठेवू नये. पुरुषांसमोरही तो संकोच न करता मांडावा आणि आशा स्वयंसेविकेचे साहाय्य घ्यावे. पाळीत अतिरक्तस्राव होत असल्यास, किंवा वर्षभर बंद राहिल्यावर थोडाही रक्तस्राव पुन्हा दिसल्यास, “वयामुळे होते” म्हणून स्वस्थ न बसता त्वरित डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे.

जमिनीचा कस टिकविण्यासाठी शेतकरी वर्षानुवर्षे धडपडतो. ज्या हातांनी त्या जमिनीत पेरणी आणि खुरपणी केली, त्या हातांचा कस टिकविणे हेही त्याच धडपडीत मोडते.