डुकराच्या कानातही बिल्ला घाला

माननीय जिल्हाधिकारी,
परभणी यांस,



जिंतूर तालुक्यात पूर्णेच्या काठाला माझी शेती आहे. रानडुकरांच्या तक्रारी आपल्या टेबलावर दर हंगामात येतात, त्यामुळे तो पाढा पुन्हा वाचत नाही. मला बोलायचे आहे ते पाळलेल्या डुकराबद्दल. ते आज कुणाच्या तरी मालकीचे आहे. एकदा सुटून रानाला लागले की कुणाचेच राहत नाही.

गेल्या खरिपात जागलीवर असताना बॅटरीच्या उजेडात एक टोळी दिसली. काळपट अंगाचे, मानेवर राठ आयाळ असलेले रानडुक्कर आपल्याकडे शेंबडे पोरही ओळखते. या टोळीत मात्र एक मादी वेगळी होती. अंगाने पसरट, कान डोळ्यांवर लोंबलेले, कुशीला पांढरे ठिगळ. तिच्यामागे पिले होती. काहींच्या अंगावर रानपिलांसारखे तांबूस पट्टे, तर काही आईसारखी बांडी. सकाळी पाहिले तर ऐन शेंगा भरलेल्या भुईमुगाच्या ओळी नांगर घातल्यागत उलट्या झालेल्या. वेल बाजूला टाकलेले, नाकाने पाडलेले हात-हात खड्डे, त्यांत रात्रीच्या पावसाचे पाणी. एवढ्यावरून संकर झालाच असा दावा मी करणार नाही, ते रक्त तपासूनच ठरेल. पण तपासायला हवे, आणि तेही लवकर.

कारण रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर मुळात एकाच जातीचे. हजारो वर्षांपूर्वी माणसाने रानडुकरालाच माणसाळवले. त्यामुळे दोघांच्या संकरातून झालेली पिले वांझ नसतात, त्यांचीही पुढे वीण होते. फार्मवरचे यॉर्कशायर, लँडरेस किंवा ड्यूरॉक भरपूर पिले देण्यासाठी आणि झपाट्याने वाढण्यासाठी निवडून निवडून तयार केलेले आहे. मादी ११४ दिवसांत विते, वर्षात दोनदा विऊ शकते, आणि एका वेताला दहाच्या आसपास पिले सहज होतात. या गुणांना रानडुकराची धूर्तता आणि काटकपणा मिळाला, तर झटका मशीन आणि साड्यांचे कुंपण किती दिवस पुरेल?

आपल्या जिल्ह्यात जंगल नावापुरते, म्हणून धोका कमी, असे कुणी सांगेल. डुकराला जंगल लागत नाही, आडोसा आणि पाणी लागते. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचा पाथरी-मानवतचा ऊस, गोदाकाठचे सोनपेठ-गंगाखेड, दुधनेच्या पात्रात माजलेली वेडी बाभूळ हे सगळे त्याचे घरच आहे. ऊस एकदा उंच झाला की आत काय चालले आहे ते तोडणी येईपर्यंत मालकालाही कळत नाही.

कॅनडाचे उदाहरण मुद्दाम सांगतो. शेतकऱ्यांना जोडधंदा मिळावा म्हणून तिथे १९८०-९०च्या दशकांत युरोपातून रानडुकरे आणून फार्मवर ठेवली, पाळीव डुकरांशी त्यांचा संकरही केला. पुढे बाजार पडला. काही जनावरे कुंपण उकरून निसटली, काही मालकांनीच सोडून दिली. बर्फात टिकणार नाहीत, असा समज होता. आज सस्कॅचेवान, मॅनिटोबा आणि अल्बर्टा या प्रांतांत ती इतकी पसरली आहेत की समूळ हटवण्याची आशा तिथल्या संशोधकांनीच जवळपास सोडली आहे. अमेरिकेत अशा मोकाट डुकरांची संख्या साठ लाखांच्या पुढे मोजतात. तिथला अनुभव असा की नुसत्या बंदुकीने हे आटोक्यात येत नाही. एक-दोन मारली की टोळी फुटते आणि चार शिवारांत विखुरते. अख्खी टोळी एका वेळी सापळ्यात घ्यावी लागते, आणि तेही संख्या थोडी असतानाच जमते.

आपल्याकडेही राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या वराहपालन युनिटला ३० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. ही योजना चांगली आहे. कापूस-सोयाबीनच्या भावाने पिचलेल्या घरातल्या तरुणाने त्यात उतरावे, असे मलाही वाटते. पण भाव कोसळले, खाद्य परवडेना झाले, तर त्या ११० जनावरांचे काय होणार, हे अनुदान देतानाच ठरवले पाहिजे. कुंपणाचा पाया जमिनीत किती खोल आहे ते मंजुरीआधी कुणीतरी जागेवर जाऊन बघावे, कारण डुक्कर उडी मारण्याआधी उकरते.

खरी मेख कायद्यात आहे. रानडुकराने पीक खाल्ले तर वनविभाग पंचनामा करतो, भरपाई मिळते. खरीप २०२६ पासून पीक विम्यातही वन्यप्राण्यांचे नुकसान धरण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. पाळीव डुकराने खाल्ले तर मालकाला धरता येते. १८७१च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम आहे. मूळ कायद्यातला दंड दहा रुपयांपर्यंतचा, एवढीच त्याची ताकद. पण सुटलेले, रानात वाढलेले, मालक नसलेले डुक्कर आले तर? वनविभाग म्हणेल हा वन्यप्राणी नव्हे, पशुसंवर्धन म्हणेल आमच्या नोंदीत नाही, ग्रामपंचायत कोंडवाड्याच्या पडक्या भिंतीकडे बोट दाखवेल. आणि शेतकऱ्याने हात उगारावा, तर अंधारात समोरचे रानडुक्कर आहे की सुटलेले, हे ठरवायचे कसे? चुकला तर गुन्हा त्याच्यावर.

म्हणून मागणी साधी आहे. गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला असतो, तसा जिल्ह्यातल्या प्रत्येक पाळीव डुकराच्या कानात असू द्या. मोठ्या फार्मवरही आणि गावकुसाला चार-सहा डुकरे राखणाऱ्या कुटुंबाकडेही. या दुसऱ्या लोकांबद्दल कळकळीने सांगतो. पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करणाऱ्या वडार-कैकाडी वस्त्यांवर दंडुका घेऊन जाऊ नका. त्यांना बिल्ला फुकट द्या, क्लासिकल स्वाइन फिव्हरची लस टोचून द्या, बंदिस्त गोठ्यासाठी जागा आणि मदत द्या. नोंदीचा फायदा दिसला तर ते स्वतःहून पुढे येतील. धाक दाखवला तर रातोरात डुकरे नदीकाठी सोडली जातील, आणि आपण ज्याला भितो तेच आपल्या हाताने होईल. शहरांत मोकाट डुकरे पकडण्याच्या मोहिमा निघतात, तेव्हाही पकडलेले जनावर दुसऱ्या शिवारात नेऊन सोडले जाणार नाही, याची लेखी जबाबदारी कुणावर तरी असावी.

घाई का, तेही सांगतो. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा वेगळा रोग देशात पहिल्यांदा सापडला. माणसाला तो होत नाही, पण डुकरे पटापट मरतात, आणि आपल्याकडे त्यावर वापरात असलेली लस नाही. रोग फार्मवर आला तर तिथली जनावरे नष्ट करून थोपवता येतो. मोकाट आणि रानटी टोळ्यांत शिरला तर त्याला कुंपण कुठे घालणार? युरोपातले देश कित्येक वर्षे रानडुकरांतल्या याच रोगाशी झुंजत आहेत.

तपासणीसाठी लांब जायची गरज नाही. परभणीत १९७२ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, शेजारी वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. वनविभागाच्या परवान्याने मारलेल्या किंवा रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या प्रत्येक रानडुकराचा नमुना महाविद्यालयाकडे जावा, एवढा आदेश आपल्या सहीने निघू शकतो. वर्षभरात कळेल की संकर कुठल्या तालुक्यात आहे आणि कुठे अजून पोचलेला नाही.

पेरणीपूर्व खरीप बैठकीत बी-बियाणे आणि खतांसोबत हा विषय घ्यावा, आणि वनविभाग, पशुसंवर्धन व महाविद्यालय यांना एकाच टेबलाशी बसवावे, ही विनंती. आमच्या शिवारातली टोळी कुठे उतरते, कुठे पाणी पिते, हे दाखवायला आम्ही शेतकरी केव्हाही तयार आहोत.

आपला नम्र,
पूर्णाकाठचा एक शेतकरी
ता. जिंतूर, जि. परभणी