उंचावलेली गाडी आणि उघडी चाके

बारामती व इंदापूर ह्या दोन तालुक्यांत अलीकडे एक नवा षोक वाढीस लागला आहे, हे आमच्या वाचकांच्या नजरेतून सुटले नसेल. उसाचे बिल हाती आले की तरुण मंडळी जीपच्या जातीची चारचाकी घेतात. आणि ती दाराशी येऊन महिना लोटतो न लोटतो तोच तिच्या स्प्रिंगा बदलून तिला चार बोटे उंच करतात, व कंपनीने दिलेली चाके उतरवून रुंद, जाड नक्षीचे टायर चढवितात. हे टायर पत्र्याच्या बाहेर दोन-तीन बोटे डोकावतात. त्यांस आच्छादन म्हणून मडगार्डाच्या कमानीला बाहेरून जी रुंद कड जोडावयाची असते, तिला ह्या धंद्यातील लोक फेंडर फ्लेअर म्हणतात. ही कड मात्र पुष्कळदा राहून जाते. एक तर तोवर पैसे संपलेले असतात, किंवा उघडे चाकच अधिक रुबाबदार दिसते असे मालकास वाटते. ह्या राहून गेलेल्या कडेविषयी आज चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

गाडी उंच करणारा प्रत्येक जण केवळ चैनीखातर तसे करतो, असे आमचे म्हणणे नाही. नीरेच्या डाव्या कालव्याखालच्या काळ्या रानात भाद्रपदातील पावसानंतर ज्याने पाणंदीतून गाडी घातली असेल, त्याला चिखल म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको. परंतु गरज खरी असली, तरी उपाय बेताचा असावा. स्प्रिंगा उंच केल्याने सांगाडा उंच होतो. अखंड आखाच्या गाडीत आख व त्याच्या मधला डिफरन्शिअलचा गोळा जेथल्या तेथेच राहतो, आणि चाकोरीच्या मधल्या वरंब्याला आधी घासतो तो हाच गोळा. तो वर उचलावयाचा तर टायरचा व्यास वाढविला पाहिजे. आणि व्यास दोन इंचांनी वाढला तर आख एकच इंच वर येतो. टायरच्या रुंदीने तर त्यास तिळभरही उंची मिळत नाही. दुसऱ्या महायुद्धात नावारूपास आलेली विलिस जीप ज्या चिखलांतून गेली, ती अवघ्या सहा इंच रुंदीच्या टायरांवर गेली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. २०२० साली निघालेल्या नव्या थारच्या चाकांवर कंपनीनेच काळी कड बसवून दिली आहे. पण ती कंपनीच्या मापाच्या टायरासाठी आहे. टायर त्याहून रुंद घेतला की तीही अपुरी पडते.

आता हे उघडे चाक काय करते ते पाहू. टायरच्या खाचेत अडकलेला खडा चाकाच्या मागील अंगाने सुटतो, तेव्हा तो गाडीच्या वेगाने वर उडतो आणि त्याच वेगाने पुढेही जात असतो. ताशी ५० किलोमीटरने चाललेल्या गाडीचा असा खडा, समोरून ५० च्याच वेगाने येणाऱ्या दुचाकीस्वारास जवळजवळ १०० च्या वेगाने लागू शकतो. चाकावर आच्छादन असेल तर तो खडा आतच आपटून खाली पडतो. आच्छादनाबाहेर जितका टायर, तितका धोका मोकळा.

आणि हा धोका कोणासमोर मोकळा सुटतो? गळीत हंगामात बारामती-इंदापूर रस्त्याने भवानीनगरच्या कारखान्याकडे उसाच्या बैलगाड्या व ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात. दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली, सायकलवरून शाळेला निघालेल्या मुली, कोयता घेऊन फडाकडे निघालेली माणसे, सर्व त्याच रस्त्याच्या कडेने जातात. आषाढी वारीत तर संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी ह्या मुक्कामांवरून इंदापुरास येते, आणि सारा रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो. ह्यांपैकी कोणाच्याही तोंडासमोर काच नसते.

हे आम्ही परक्यास शिकवीत नाही. आमच्याच घरच्या तरुणाने अशी गाडी केली होती. टायर चढले, कड पुढच्या बिलात बसवू, असे ठरले, आणि त्यास आम्हीही मान डोलावली. लासुर्ण्याच्या अलीकडे समोरून येणाऱ्या एका दूधवाल्याच्या चष्म्याची काच खड्याने फुटली. डोळा वाचला, हे त्याचे नशीब व आमचेही. गाडीतील मंडळींस ह्यातले काहीच कळले नाही. तो गृहस्थ दुसरे दिवशी विचारीत विचारीत आमच्या दारी आला. त्याने भरपाई मागितली नाही. फुटका चष्मा तेवढा ओट्यावर ठेवला. कड त्याच आठवड्यात बसली. ती आधी का बसली नाही, ह्याचे उत्तर आम्हांस त्या दिवशीही देता आले नाही व आजही देता येत नाही.

म्हणून आमचे मत असे की, कड ही गाडीचा दागिना नसून रुंद टायर घेणाराने रस्त्यावरील लोकांचे फेडावयाचे देणे आहे. आणि ते टायर रस्त्यावर येण्यापूर्वी फेडले पाहिजे. ते फेडावयाचे नसेल तर कंपनीच्या मापाचेच टायर ठेवावेत.

कड बसवितानाही घाई करू नये. एक चाक ठोकळ्यावर चढवून स्प्रिंग पुरती दाबावी, स्टिअरिंग दोन्ही अंगांस शेवटपर्यंत फिरवावे, आणि टायर कोठे घासत नाही ना, हे भोक पाडण्यापूर्वी पाहावे. पाडलेल्या भोकातील लोखंडाचा कीस झाडून काढावा व उघड्या पत्र्यास प्रायमर व रंग द्यावा. नाहीतर दोन पावसाळ्यांत तेथूनच गंज धरतो. पत्रा व कड ह्यांच्यामध्ये रबराची पट्टी घालावी; बोल्ट न गंजणारे असावेत व इतके आवळू नयेत की प्लॅस्टिक तडकेल. आठवड्याने ते पुन्हा तपासावेत. कडेचे मागील टोक पुरेसे खाली यावे, कारण खडा सुटतो तो तेथूनच. त्याखाली रबरी पडदाही लावावा. रानातून आल्यावर कडेच्या आतला चिखल धुवावा.

परंतु कड बसली म्हणजे सारे दोष झाकले गेले, असे मात्र कोणी समजू नये. गाडी जितकी उंच, तितका तिचा तोल नाजूक. वळणावर, भरावाच्या कडेला, कालव्याच्या बांधावर हे नडते. टायरचा व्यास दहा टक्के वाढला की काटा ५० दाखवितो तेव्हा गाडी ५५ ने धावत असते. कायद्याचेही भान हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. न कळविलेल्या फेरफारावर बोट ठेवून विमा कंपनी दावा नाकारू शकते, ते वेगळेच. तेव्हा काम करण्यापूर्वी बारामतीच्या परिवहन कार्यालयात चौकशी करावी. गाडी सोडविण्यासाठी मागाहून हेलपाटे घालण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

आमच्या सभासदांस शेवटी एकच विनंती आहे. गवंड्याचा ओळंबा बहुतेक घरी असतो, नसल्यास शेजारी मिळतो. गाडी सपाट जागी उभी करून चाकावरील कमानीच्या बाहेरच्या कडेवरून तो सोडावा. टायरची नक्षी दोरीच्या आत राहिली तर ठीक. बाहेर आली तर जितकी बाहेर तितके आपले देणे बाकी आहे, असे समजावे. ही परीक्षा चारही चाकांची करावी, आणि ती उसाची पहिली ट्रॉली रस्त्यावर येण्याच्या आत करावी. आपण चाक कितीही रुंद केले, तरी समोरून येणाऱ्याचा रस्ता त्यामुळे रुंद होत नाही.