जुन्या पिकअपचं डिझेल वाढवण्याआधी

मूर्तींची भाडी सुरू व्हायची वेळ आली की पेण-रोह्यातल्या गॅरेजांत एक मागणी हमखास ऐकू येते : गाडीचं डिझेल जरा वाढवून द्या. हमरापूर, जोहे, कळवे इथल्या कारखान्यांतून गणपती मुंबई, ठाणे, पुण्याकडे निघतात. भाडी भरपूर असतात, आणि दहा-पंधरा वर्षं जुन्या पिकअपने नव्या गाडीच्या बरोबरीने पळावं असं प्रत्येक मालकाला वाटतं. मग जुन्या पंपाची गाडी असेल तर स्क्रू फिरवला जातो. कॉमन रेलची असेल तर वायरिंगमध्ये एक बॉक्स अडकवला जातो किंवा लॅपटॉप लावून रिमॅप होतं. माझं घर अशाच एका जुन्या पिकअपवर चालतं, म्हणून हे मला स्पष्ट सांगायचं आहे : आपल्या भागातल्या भाड्यांना वाढवलेल्या ताकदीची गरज नाही. गरज आहे ती गाडीला तिची मूळ ताकद परत मिळण्याची.

आधी भार काय आहे ते पाहा. मूर्तींच्या भाड्यात हौदा भरतो, पासिंगचं वजन क्वचितच भरतं. हौद्यात फळ्यांचा माळा करायचा, खाली-वर मूर्ती लावायच्या, मध्ये पेंढा कोंबायचा. जागा संपते, गाडी मात्र हलकीच राहते. या मालाला वेगाचा उपयोग नाही, झटक्याचं मात्र मोठं भय आहे. डिझेल वाढवलेली टर्बो गाडी खालच्या आरपीएमला सुस्त राहते आणि टर्बो भरला की एकदम उसळी घेते. त्या उसळीत मूर्तीची बोटं जातात, सोंडेचं टोक जातं, मुकुटाची कड जाते. कारखानदाराने महिनाभर घासून-पुसून उभी केलेली मूर्ती पाच मिनिटं आधी पोचवण्याच्या नादात मोडणं मला सहन होत नाही. या भाड्याला हवं ते इंजिन पंधराशे आरपीएमपासून सरळ, एकसारखं ओढणारं असावं.

चढाचं काय, असा प्रश्न लगेच येतो. पुण्याचं भाडं असलं की खोपोलीनंतर बोरघाटात सुमारे पाचशे मीटर उंची चढावी लागते. मुंबई-गोवा महामार्गावर नागोठण्याच्या पुढे सुकेळी खिंड आहे, रोह्याकडे वळलं की भिसे खिंड. धाटावच्या एमआयडीसीतून ड्रम भरले की गाडी खरोखर जड होते. तर हिशेबच मांडू. भरलेली गाडी २८०० किलोची धरा, चढ शंभर मीटरला सहा मीटर, वेग ताशी ३० किलोमीटर. चाकांना लागतात २३ हॉर्सपॉवरच्या आसपास. गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगमध्ये वाया जाणारी धरली तरी इंजिनाने २७-२८ दिली म्हणजे झालं. महिंद्राच्या पिकअपमधलं २५२३ सीसीचं कॉमन रेल इंजिन मुळात ६३ हॉर्सपॉवरचं, आणि १४०० ते २२०० आरपीएममध्ये १९५ न्यूटन मीटर टॉर्क देणारं. म्हणजे १८०० आरपीएमला ते ५० हॉर्सपॉवरच्या घरात असतं. तरीही ते सुकेळी खिंडीत धापा टाकत असेल, तर ते आजारी आहे. आजारी इंजिनात जास्त डिझेल ओतून ते बरं होत नाही.

आजार बहुतेक वेळा साधे असतात. पनवेल ते इंदापूर महामार्ग रुंद करायचं काम २०११ मध्ये सुरू झालं, आणि इतकी वर्षं आमच्या एअर फिल्टरांनी त्या रस्त्याची धूळ खाल्ली आहे. फिल्टर तुंबला की हवा कमी, धूर जास्त, ओढ गेली. टर्बोचा होज चिरलेला असतो. नोझल फवारा मारण्याऐवजी थेंब टाकतं. टॅपेट वर्षानुवर्षं कोणी तपासलेले नसतात. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने मापापेक्षा मोठे टायर घातले होते आणि मागे एक पाटा वाढवला होता. टायर पाच टक्के मोठा झाला की प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो, म्हणजे चढावर ओढ तितकी कमी आणि काट्यावरचा वेग खोटा. मी मूळ मापाचे टायर घातले, जादा पाटा काढला. गाडीची अर्धी तक्रार तिथेच मिटली आणि हौदाही मूर्तींसाठी मऊ झाला.

मग पंप. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत स्क्रू फिरवणं दहा मिनिटांचं काम, म्हणून ते सगळ्यांना आवडतं. खरं काम पंप उतरवून टेस्ट बेंचवर चढवण्याचं आहे. चारही सिलिंडरला सारखं डिझेल जातंय का, गव्हर्नर ठरल्या आरपीएमला तोडतोय का, नोझल योग्य दाबाला उघडतंय का, हे बेंचवरच कळतं. रोह्यात एक म्हातारे पंपवाले आहेत. गाडीचं भाडं कुठलं, माल काय, हे विचारल्याशिवाय ते पान्याला हात लावत नाहीत. निवड करायची तर अशा माणसाची करावी.

हवेच्या मानाने डिझेल जास्त झालं की ते अर्धवट जळतं, काळा धूर येतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. लांब चढावर टर्बोच्या आधीचं तापमान ७०० अंशांपुढे रेंगाळू लागलं की पिस्टन, हेड आणि टर्बो तिघांचं आयुष्य घटतं. ही गोष्ट डॅशबोर्डवर दिसत नाही, कारण तिथला काटा पाण्याचं तापमान दाखवतो. बॉक्सचं तर आणखी वाईट : त्यातले बरेचसे रेल प्रेशरचा आकडा खोटा करून इंजिनाच्या संगणकाला फसवतात, म्हणजे आत काय चाललंय ते संगणकालाही कळत नाही. आणि ईजीआर, म्हणजे प्रदूषण कमी करायला एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा, बंद करून देतो असं कोणी म्हणालं तर तिथून गाडी बाहेर काढावी.

धूर फक्त मालकाच्या खिशाचा प्रश्न नाही. पीयूसीत बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला २.४५ आणि बीएस-४ ला १.६२ ही धुराच्या मापाची मर्यादा आहे, पण ती तपासणी उभ्या, मोकळ्या गाडीचा ॲक्सिलेटर दाबून होते. चढावर भरलेल्या गाडीचा धूर त्यात येत नाही. तो रस्त्याकडेच्या शाळेत आणि घरांत जातो. पीयूसी पास झाली म्हणजे आपण सुटलो, असं मानायला माझं मन तयार नाही.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल रोखतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात तेच पक्कं केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती आयतं कारण मिळतं ते वेगळंच.

पण नुसता दंडाचा धाक पुरत नाही. रायगडचं आरटीओ कार्यालय पेणमध्येच आहे, एमएच-०६ च्या गाड्या तिथेच पासिंगला येतात, आणि आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाड्यांना तर दरवर्षी यावं लागतं. इंजिन, टायर, पाटे, हौदा यांत काय चालतं आणि काय नाही, हे सोप्या मराठीत एका पानावर छापून पासिंगला आलेल्या प्रत्येक मालकाच्या हातात द्यावं, ही माझी कार्यालयाला विनंती आहे. गॅरेजवाल्यांनी पंपाचं काम केलं की बेंचवरचे आकडे कागदावर लिहून द्यावेत. आणि पिकअपवाल्या भावांनो, यंदा मूर्तींची भाडी सुरू व्हायच्या आधी बॉक्ससाठी ठेवलेले पैसे पंप, नोझल आणि फिल्टरवर खर्च करा.