माती, डांबरगोळी आणि रक्तातले लोह

पाटीवरची पेन्सिल, चुलीची भाजलेली माती, भिंतीचे पोपडे, खडू, राख, कच्चे तांदूळ, बर्फ, कपाटातील डांबरगोळी, फरशी पुसण्याचे फिनेल, पेट्रोल, रॉकेल यांपैकी एखाद्या वस्तूची अनावर ओढ लागलेली व्यक्ती नागपूरच्या कोणत्याही वस्तीत आढळू शकते. मात्र दवाखान्याच्या केसपेपरवर तिची नोंद क्वचितच होते, कारण ही ओढ सांगितली जात नाही, ती लपवली जाते. लहान मूल असेल तर त्याच्या हातावर चापट बसते, वयात आलेली मुलगी असेल तर ‘घाणेरडी सवय’ म्हणून तिला बोल लावले जातात आणि गर्भवती असेल तर डोहाळे म्हणून कौतुकाने विषय मिटवला जातो. या तिन्ही प्रतिसादांत रक्ताची तपासणी तेवढी राहून जाते. आणि रक्तक्षय व सिकलसेल हे दोन्ही आजार जिथे पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहेत त्या विदर्भात ही उपेक्षा अत्यंत महागात पडणारी आहे.

ज्या पदार्थांत पोषण नाही आणि जे अन्नही नाहीत, असे पदार्थ किमान महिनाभर सातत्याने खाल्ले जात असतील, ते खाणे त्या वयाला साजेसे नसेल आणि त्या समाजात रूढही नसेल, तर त्या विकाराला वैद्यकात ‘पायका’ असे नाव आहे. दोन वर्षांखालील मूल हाताला लागेल ते तोंडात घालते, तो वाढीचाच भाग असल्याने त्याची गणना या विकारात होत नाही. वस्तू खाण्याऐवजी केवळ हुंगण्याची ओढ या व्याख्येत बसत नाही. परंतु गेल्या दशकात रक्तविकारतज्ज्ञांनी लोहाची कमतरता असलेल्या काही रुग्णांत रबर, सफाईची रसायने किंवा इंधन यांच्या वासाची विलक्षण ओढ नोंदवली आणि तिला ‘डेसिडेरॉस्मिया’, म्हणजे लोहाच्या अभावातून येणारी गंधाची ओढ, असे नाव दिले. अशा रुग्णांना त्या वासातून नशा नको असते. त्यांना तो वास हवा असतो आणि तो का हवा आहे हे त्यांचे त्यांनाही सांगता येत नाही.

या प्रदेशाला हा विषय नवा नाही. नागपूर जिल्ह्यातील रामटेकचे नाते कालिदासाशी जोडले जाते, कारण ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजेच रामटेक असे मत नागपूरचे थोर संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. त्याच कालिदासाने ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात गर्भवती सुदक्षिणेच्या मुखाला येणाऱ्या मातीच्या गंधाचे वर्णन केले आहे. राणी माती खाते आणि राजा दिलीप त्या गंधाने मोहून जातो, अशी ती कल्पना आहे. डोहाळ्यांकडे कौतुकाने पाहण्याची परंपरा किती जुनी आहे हे त्यावरून कळते. परंतु आयुर्वेदाने याच मृद्भक्षणाकडे कौतुकाने पाहिलेले नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाचे, म्हणजे शरीर फिकट पडत जाणाऱ्या रोगाचे, जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यांतील पाचवा माती खाल्ल्याने होणारा पांडू आहे. तुरट माती वाताला, खारी माती पित्ताला आणि गोड माती कफाला प्रकुपित करते आणि न पचलेली माती शरीरातील स्रोतसे अडवते, असे तेथे म्हटले आहे. प्राचीन ग्रंथात आधुनिक शोध वाचण्याचा मोह टाळूनही इतके मान्य करावे लागते की माती खाणारा माणूस फिकट दिसतो, हे निरीक्षण त्या वैद्यांनी अचूक टिपले होते.

फिकटपणा आधी की माती आधी, या प्रश्नाचे उत्तर मात्र दोन्ही बाजूंनी द्यावे लागते. लोह कमी झाल्यामुळे माती खावीशी वाटते आणि काही प्रकारची चिकणमाती आतड्यात लोहाला धरून ठेवून ते रक्तात शिरू देत नाही, त्यामुळे खाल्लेली माती रक्तक्षय आणखी वाढवते. शिवाय मातीबरोबर जंतांची अंडी पोटात गेली तर ते जंत उरलेसुरले पोषण पळवतात. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांना इराणमधील शिराझ येथे १९५८ मध्ये खुजे, वयात न आलेले आणि नियमाने माती खाणारे तरुण आढळले. त्यांच्या अभ्यासातूनच माणसाच्या वाढीला जस्त आवश्यक असते हे वैद्यकाला उमगले. माती खाण्याकडे सवय म्हणून न पाहता तिच्यामागचा अभाव शोधणाऱ्या एका वैद्यामुळे पोषणशास्त्राची दिशा बदलली, हे येथे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे.

लोहाच्या अभावी अशी ओढ का निर्माण होते, याचा एक धागा मेंदूपर्यंत पोहोचतो. हिमोग्लोबिन तयार करणे हे लोहाचे एकमेव काम नाही. इच्छा, समाधान आणि हालचाल यांच्याशी संबंधित असलेले डोपामिन हे रसायन मेंदूत ज्या विकराच्या मदतीने बनते, त्या विकरालाही लोह लागते. लोहाची पूर्तता सुरू केल्यावर अनेक रुग्णांतील बर्फाची किंवा मातीची ओढ आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते आणि तेव्हा हिमोग्लोबिनचा आकडा अद्याप पुरता वाढलेलाही नसतो, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे. ज्या सवयीपायी एखाद्या मुलीने वर्षानुवर्षे बोलणी खाल्ली ती लोहाच्या गोळीने पंधरवड्यात सुटत असेल, तर त्या बोलण्यांचा हिशेब कोणी द्यायचा, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारला पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. इतक्या मोठ्या समूहात पायका दुर्मीळ असेल, असे मानण्याला काहीच आधार नाही.

विदर्भाच्या संदर्भात या चित्रात आणखी एका गुंतागुंतीची भर पडते आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. सिकलसेल या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना देतात. मध्य भारतातील या आजाराची नोंद शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केली. त्यानंतरच्या काळात नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यातील आदिवासी, अनुसूचित जाती व अन्य समाजांत तो किती खोलवर रुजला आहे हे स्पष्ट होत गेले. अमेरिकेतील एका अभ्यासात, जो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, सिकलसेलच्या बालरुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलांत पायका आढळला होता. कागद, फोम, माती यांसारख्या वस्तू ही मुले खात होती. म्हणजे विदर्भात माती खाणारे मूल समोर आले, तर त्याच्या हिमोग्लोबिनबरोबर त्याची सिकलसेल चाचणी करणे हे शहाणपणाचे आहे. याला व्यवहारातीलही एक कारण आहे. साध्या रक्तक्षयात लोह हे औषध आहे, परंतु ज्या सिकलसेल रुग्णाला वारंवार रक्त चढवावे लागते त्याच्या शरीरात लोहाचा अतिरिक्त साठा होऊन यकृत व हृदय यांना इजा पोहोचू शकते. म्हणून मूल फिकट दिसते म्हणून औषधाच्या दुकानातून लोहाची बाटली आणून महिनोन्‌महिने पाजणे हा उपाय येथे धोक्याचा ठरतो. फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहसाठ्याचे माप, तपासल्याशिवाय अशा मुलाला लोह देऊ नये.

डांबरगोळीचा विषय याच ठिकाणी येतो. पांढऱ्या डांबरगोळ्यांत नॅफ्थलीन असते, जरी बाजारातील काही गोळ्या पॅराडायक्लोरोबेंझिन या वेगळ्या रसायनाच्या असतात. नॅफ्थलीन शरीरात गेल्यावर त्याचे जे घटक बनतात ते तांबड्या पेशींवर आघात करतात. निरोगी पेशी जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकराच्या बळावर तो आघात बऱ्याच अंशी सोसतात, पण हे विकर जन्मतः कमी असलेल्या व्यक्तीच्या पेशी झपाट्याने फुटतात, डोळे पिवळे होतात आणि लघवी गडद रंगाची होते. ही उणीव एक्स गुणसूत्रावरून येत असल्यामुळे मुलग्यांत अधिक दिसते आणि मलेरियाच्या पट्ट्यातील अनेक समूहांप्रमाणे मध्य भारतातील काही आदिवासी समूहांतही ती आढळते. अशा बालकाला एखादी गोळीदेखील पुरते. पॅराडायक्लोरोबेंझिनची गोळी महिनोन्‌महिने चघळणाऱ्या किंवा हुंगणाऱ्या प्रौढांत तोल जाणे, विस्मरण आणि बोलण्यात अडखळणे अशी मेंदूच्या हानीची लक्षणे नोंदली गेली आहेत. ट्रंकेत, गादीखाली आणि धुण्याच्या मोरीत उघड्या गोळ्या टाकून ठेवण्याची पद्धत विदर्भातील घरांनी बंद केली पाहिजे.

भिंतीच्या पोपड्यांबाबत थोडक्यात सांगता येते. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दर दहा लाख भागांत ९० भाग अशी बंधनकारक झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्यापूर्वी रंगवलेल्या खिडक्या, दारे आणि लोखंडी पलंग आजही घरोघरी आहेत. लोहाची कमतरता असलेल्या मुलाचे आतडे शिसे अधिक प्रमाणात शोषून घेते, कारण दोन्ही धातूंचा आत शिरण्याचा मार्ग बऱ्याच अंशी एकच आहे. त्यामुळे जे मूल पोपडे खाण्याची शक्यता अधिक, त्याच मुलाला त्यांतले विषही अधिक बाधते.

व्हाइटनर, थिनर आणि पंक्चरचे सोल्युशन हुंगण्याचा प्रकार यापासून काटेकोरपणे वेगळा ठेवला पाहिजे, कारण तेथे ओढ असते ती नशेची. देशाच्या चारही दिशांच्या गाड्या जिथे एकमेकींना छेदतात त्या नागपूरच्या रेल्वेस्थानकावर घर सोडून आलेली मुले उतरत असतात आणि रुमालावर ओतलेले सोल्युशन भूक, थंडी आणि भीती काही काळ विसरायला लावते. टोल्युइनसारखी ही द्रावके मेंदूतील मज्जातंतूंची आवरणे झिजवतात, मूत्रपिंडे बिघडवतात आणि हृदयाची लय इतकी नाजूक करून ठेवतात की हुंगल्यानंतर अचानक धावावे लागले किंवा दचकायला झाले तरी हृदय थांबून जागीच मृत्यू येऊ शकतो. अशा मुलाला पाहून ओरडणाऱ्याने, त्याचा पाठलाग करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०१२ मध्ये बाटलीतील व्हाइटनर व थिनर यांवर बंदी घालण्याचा आणि केवळ पेनसारख्या साधनातून मर्यादित प्रमाणात, आरोग्याच्या इशाऱ्यासह ते विकू देण्याचा निर्णय घेतला. तरीही केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याची द्रव्ये हा असा एकमेव प्रकार निघाला ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आहे: प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के. रंगाच्या व हार्डवेअरच्या दुकानांतील थिनर, सायकलच्या दुकानातील सोल्युशन आणि गाडीतील पेट्रोल यांवर बंदी घालता येत नाही. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेतही ही द्रावके येत नाहीत. म्हणून येथे पोलिसांपेक्षा निवारा, जेवण आणि बालमानसोपचार यांची गरज अधिक आहे आणि शहराच्या तिजोरीचा कस तेथेच लागायला हवा.

प्रत्येक पायका लोहाच्या गोळीने बरा होतो असे नाही. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा विचारकृतीची अनिवार्यता असलेल्या व्यक्तींत त्याला वर्तनोपचाराची आणि घरातील वस्तू बंद ठेवण्याची जोड द्यावी लागते. उपासमार आणि दुर्लक्ष हेही कारण असू शकते. कारण कोणतेही असो, शोध रक्तापासून सुरू करावा, कारण ती चाचणी स्वस्त आहे आणि उपाय हाताशी आहे. अपघाताने रॉकेल, फिनेल किंवा थिनर पोटात गेल्यास मात्र उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर ते द्रव फुप्फुसांत शिरून तेथे दाह निर्माण करते; बाटली सोबत घेऊन तडक नागपुरातील मेडिकल, मेयो किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

पंतप्रधानांच्या हस्ते १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी विदर्भातील आश्रमशाळा, अंगणवाड्या व उपकेंद्रे यांत रक्ताचे थेंब घेतले जात आहेत. सुई टोचणाऱ्या आशाताईने व परिचारिकेने त्याच वेळी ‘माती, खडू, पेन्सिल, राख, डांबरगोळी यांपैकी काही खावेसे किंवा हुंगावेसे वाटते का’ हा एक प्रश्न न रागावता, एकांतात विचारावा आणि उत्तर होकारार्थी आल्यास त्या नावापुढे फेरिटिन तपासणीची खूण करावी, अशी व्यवस्था नागपूर विभागाच्या आरोग्य यंत्रणेने करावी. ज्या घरात अशी ओढ आहे त्या घराने ती डॉक्टरांपासून लपवू नये. मनाच्या तक्रारीसाठी १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हे क्रमांक विनाशुल्क उपलब्ध आहेत.